पक्की खोली

ऊसतोड कामगारांच्या तळावर पाळणाघर सुरू झालंय. दाराबाहेर इवल्या चपलांचा ढीग बघून मी आज आत डोकावलो. पत्र्याखाली साडीच्या झोळ्या झुलत होत्या.

"आजोबा, नुसते बघताय काय? झोका द्या की!" तिथली मदतनीस सुमन म्हणाली.

झोका देता देता मी तिला सांगून टाकलं. पाळणाघरांचं अनुदान वाटणं एके काळी माझ्याकडे होतं. पक्की खोली असेल तिथेच ते द्यायचं, असा नियम. तळावर मुलं होती, खोली नव्हती. शेजारच्या गावात नेमकं उलटं. अपवाद म्हणून तळाची शिफारस मला करता आली असती. मी गावाला दिलं. तपासणीच्या दिवशी गावकरी तळावरचीच मुलं बैलगाडीतून आणून खोलीत बसवत, हेही मला कळत होतं.

सुमन हसतच सुटली. "ते साहेब तुम्हीच होय! मीपण असायचे त्या गाडीत. लाडू मिळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा आईमागं फडात. तुमची किती वाट बघायचो आम्ही!"

मलाही हसू आलं, डोळे भरले तरी.

"हळू, साहेब! उठला तर तुम्हीच निजवायचा."

आज तपासणी नव्हती, आणि एकही झोळी रिकामी नव्हती.