चौदा नंबरची कॉफी

हुबळीच्या कमरीपेठेत बाळकृष्ण कवठेकरांच्या दुकानात सकाळी दहाला कॉफी भाजायला सुरुवात होई आणि साडेदहापर्यंत कोपऱ्यावरच्या शिंप्यालासुद्धा कळे की आज पीबेरी (फळात एकच निघणारी गोल बी) आहे की साधी. एकट्या कवठेकरांना ते कळत नसे. त्यांना वासच येत नव्हता.

१९९६च्या नोव्हेंबरात त्यांना पंधरा दिवस ताप होता. ताप गेला तो नाक घेऊनच गेला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. बाळण्णांनी (सगळी पेठ त्यांना बाळण्णाच म्हणे) हे कुणालाही सांगितले नाही. पण एके दिवशी गॅसवरचे दूध करपून काळे झाले आणि बाळण्णा तिथेच दोन हातांवर पेपर वाचत बसलेले त्यांच्या बायकोला, विमलला, दिसले.

“अहो, गल्लीभर वास सुटलाय की. नाक कुठं गहाण टाकलंय?”

बाळण्णांनी पेपर आणखी वर धरला. तेवढ्यावरून तिला समजले.

दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात पोत्यांच्या थप्पीमागे स्टूल टाकून बसू लागली. बाळण्णांचे कान शाबूत होते. भाजायच्या ढोलातल्या बियांची पहिली तडतड, मधली शांतता, मग दुसरी बारीक चटचट, हे सगळे त्यांना नीट ऐकू येई. पण बी नेमकी केव्हा उतरवायची हे शेवटी वासावर ठरते, आणि ते विमल ठरवी. पोत्यांमागून “हं” असा आवाज आला की बाळण्णा ढोल उघडून बी चाळणीवर ओतत. गिऱ्हाइकांना वाटे, अक्का बी निवडायला बसतात. दहा वर्षे असेच चालले. कोप्पीकर रोडवरचे हॉटेलवाले म्हणत, “बाळण्णांच्या नाकाला तोड नाही.” बाळण्णा मान हलवत.

२००६च्या जूनमध्ये विमलचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. आधी दवाखाना, मग नवनगरला लेकीचे घर, असे अठरा दिवस ती दुकानात नव्हती. अठरा दिवस दाराला पाटी होती, ‘सांगलीला गेलो आहोत.’ आणि बाळण्णा दाराआड, थंड ढोलासमोर बसून होते. तेव्हापासून एका प्रश्नाने त्यांच्या मनात ठाण मांडले. ही नसली तर आपल्याला भाजता येईल का? प्रश्न तिला विचारण्यासारखा नव्हता, आणि गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही.

म्हणून बंगळूरला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कॉफी महोत्सवाचे पत्रक आले तेव्हा त्यांनी लगेच फॉर्म भरला. लहान दुकानदारांनी स्वतः भाजलेली बी पाठवायची होती. कॉफीत मिसळतात ती चिकोरी चालणार नव्हती. नाव झाकून, नुसता नंबर घालून तज्ज्ञ चव पाहणार होते. नाव झाकून, एवढेच त्यांना हवे होते. विमल भाचीच्या मुलाच्या बारशाला अळणावरला गेली, त्या दिवशी पोत्यांमागे कुणी नसताना त्यांनी एक घाणा पीबेरी भाजली आणि पाठवून दिली. तिला सांगितले, दुकानच्या डब्यातली, नेहमीची पाठवली. पोचपावती आली, तिच्यावर नंबर होता चौदा; तो त्यांनी विमलला सांगितला नाही.

२००७च्या फेब्रुवारीत दोघे बंगळूरला गेले. दारात बिल्ले मिळाले. त्यांच्या बिल्ल्यावर ‘रोस्टर’, म्हणजे भाजणारा, तिच्या बिल्ल्यावर ‘गेस्ट’.

“मी पाहुणी होय,” विमल म्हणाली आणि तिने तो पदराला उलटा लावला.

आत कुठकुठल्या देशांची माणसे आणि यंत्रे होती. दुधाच्या फेसावर पाने-फुले काढून दाखवत होते. बाळण्णांनी तिकडे पाहिले नाही. ते सरळ चव पाहण्याच्या टेबलाकडे गेले. तिथे पेल्यांची लांब रांग होती आणि कोडगूच्या कावेरम्मा नावाच्या बाई प्रमुख होत्या. चमचा पेल्यात बुडवायचा, सुर्रकन ओढायचा, उंच भांड्यात थुंकायचे, चमचा पाण्यात विसळून पुढच्या पेल्यात घालायचा. विमलने थोडा वेळ पाहिले.

“एवढी शिकलेली माणसं, आणि सगळ्यांचं उष्टं सगळ्यांच्या तोंडात की हो.”

“हळू बोल.”

“मराठीत बोलतेय.”

कावेरम्मांनी बघायला आलेल्या दुकानदारांनाही चमचे दिले. बाळण्णांनी दहा नंबरच्या पेल्यातली कॉफी ओढली. गरम आणि कडू, याहून अधिक काही लागले नाही.

“काय वाटतं?” कावेरम्मांनी कन्नडमध्ये विचारले.

“बरी आहे.”

अकरा नंबर. “बरी आहे.” बारा नंबर. “ही पण बरी आहे.”

“हुबळीत सगळंच बरं असतं का, अण्णा?”

दोघे-तिघे हसले. बाळण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एक सोडून पुढचा पेला त्यांचा होता. तो कसा उतरला हे सांगू शकणारे जगात एकच माणूस होते आणि ते चार हातांवर उलटा बिल्ला लावून उभे होते.

“हिला विचारा,” ते म्हणाले. “माझ्यापेक्षा हिला जास्त कळतं.”

विमलने चमचा घेतला नाही. पिशवीतून आपला स्टीलचा पेला काढला, त्यात दहा नंबरची कॉफी जराशी ओतून घेतली, मान मागे केली आणि ओठ न लावता वरून धार सोडली. तिने थुंकलेही नाही.

“ही जास्त झाली. कडेला जळकट लागते,” ती कन्नडमध्ये म्हणाली.

पेला विसळून तिने अकरा घेतली. “भाजलीय नीट, पण बी पोत्यात ओल खाल्लेली.”

कावेरम्मांनी आपल्या शेऱ्यांच्या कागदाकडे पाहिले आणि तो शेजारच्याला दाखवला. बारा आणि तेराला विमलने नुसती मान हलवली. चौदा नंबरची ओतून घेतली, नाकाजवळ नेली आणि न पिताच खाली ठेवली.

“ही घाईत भाजलीय. वरून रंग आला, आत कच्चीच राहिली. ओल्या गवताचा वास येतोय.”

“आणि बी?” कावेरम्मांनी विचारले.

“बी चांगली होती बिचारी.”

बाळण्णांना गप्प बसता आले असते. नाव झाकलेले होते.

“ती माझी आहे,” ते कन्नडमध्ये म्हणाले. मग तिच्याकडे वळून तेच मराठीत म्हणाले.

“आपल्या डब्यातली?”

“नाही. तू अळणावरला होतीस तेव्हा भाजली.”

विमलने पेला पुन्हा उचलून वास घेतला. “मग बरोबर आहे,” ती म्हणाली आणि पंधरा नंबरकडे वळली.

परतीच्या गाडीत दावणगेरे येईपर्यंत तिने हा विषय काढला नाही. मग डब्यातली दशमी त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, “असं का केलंत?”

“तू नसलीस तर मला जमतं का, ते बघायचं होतं.”

“बघितलं?”

“बघितलं.”

तिने डबा बंद करून पिशवीत घातला. राणेबेन्नूर गेल्यावर म्हणाली, “दात आहेत ना अजून सगळे?”

दुसऱ्या दिवशी तिने स्टूल पोत्यांमागून काढून ढोलाशेजारी, गिऱ्हाइकांना दिसेल असे ठेवले. मग त्यांना नवी रीत दाखवली: तडतड मंदावली की चार बिया काढायच्या, वारा देऊन निववायच्या आणि दाढेखाली फोडायच्या. कच्ची बी चिवट लागते, झालेली कटकन फुटते, जास्त झालेली भुगा होते. वास कळत नसला तरी हे कळते. आता “हं” म्हणायचे नाही, असे विमलने स्वतःशी ठरवले होते. उतरवायची केव्हा हे त्यांनीच सांगायचे. पहिल्या महिन्यात चार घाणे बिघडले. ते चिकोरी घालून घरीच संपवले. शिंप्याने विचारले, “काय अण्णा, बी खायला लागला काय?” तेव्हा बाळण्णांनी त्याला नाकाची गोष्ट सांगून टाकली.

गौरीच्या आदल्या दिवशी त्यांनी पीबेरी लावली. तडतड झाली, शांतता झाली. त्यांनी बी फोडली, थोडे थांबले, आणखी एक फोडली.

“उतरवतो,” ते म्हणाले.

विमलने चाळणी पुढे सरकवली. त्यांनी ढोल उघडून बी चाळणीवर ओतली. निवल्यावर तिने ओंजळ भरून नाकाशी धरली.

“काय?”

“बरी आहे,” विमल म्हणाली, ओंजळ विक्रीच्या डब्यात ओतली आणि दूध बघायला आत गेली.