नव्या नागलीची भाकर

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही, नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या मामाला ओळखत नाही — म्हणून असेल.

मामा-मामीने मला खोडाळ्यात वाढवलं, पोटाला चिमटा काढून शिकवलं. आता मी मुंबईत एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर काम करते. पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, रायबोसोम. ते जोडायला एक एन्झाइम लागतं. कॅन्सरच्या पेशीला वाढायची घाई, म्हणून तिला हे कारखाने जास्त लागतात. एन्झाइम अडवलं की वाढ मंदावते — काचेच्या बशीत. माणसात काय होईल, ते अजून कुणालाच माहीत नाही.

मामीच्या छातीत गाठ निघाली. नाशिकला औषधं सुरू झाली. गणपतीत घरी गेले, तेव्हा मी कौतुकाने तिला मोबाइलवर बशीतल्या पेशींचा फोटो दाखवला.

"ही थांबली?" तिने विचारलं.

"थांबली."

"माझीच ना ही?"

त्या पेशी कुठल्याशा अनोळखी बाईच्या होत्या. मामीची गाठ आमच्याकडे कधी आलीच नव्हती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती — आणि मी हो म्हणून मान हलवली.

"मंग आता नाशिकला कशाला जायाचं?" ती मामाला म्हणाली. मी तिथेच पिशवी भरत होते. ऐकलं. फोनवर समजावू, असं स्वतःला सांगितलं. मग फोनवर मामाच म्हणायचा, आमच्या पोरीनं थांबवली, गावभर सांगतो मी. कसं तोंड उघडणार होते? खोटं कशाला बोलू — मला ते ऐकायला आवडायचं. औषधं बंद झाली आहेत हे ठाऊक असूनही आवडायचं.

भात झोडून झाला, नागली, म्हणजे नाचणी, घरात आली, आणि मामी गेली.

तिच्या दिवसकार्याला गेले, तेव्हा मामाने मला घरामागे नेलं. आमच्यात नवं धान्य कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही.

"माझीच चूक गं," तो म्हणाला. "चार दिस पोटात काय नव्हतं तिच्या. नव्या नागलीची भाकर मागितली. मी दिली — कणसरीला दाखवायचे आदी. म्हणून थांबलेली गाठ परत उठली."

एक वाक्य पुरेसं होतं. ती थांबलीच नव्हती मामा, मी खोटं बोलले. एवढंच. जीभ का उचलली नाही? लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर — सुटल्यासारखंही वाटलं.

"असेल, मामा," मी म्हटलं.

तेव्हापासून मामा नागली खात नाही. पेरतो, कापतो, दळून आणतो, पण खात नाही. परवा गेले तर त्याने स्वतः थापलेली गरम भाकर मला वाढली आणि आपल्यापुढे भात घेतला. मी ती भाकर खाल्ली.