रमादादा हरायचा

रमादादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये होतो, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "कुत्ते ने काटा क्या?" फोन वरसाव्याच्या मैदानाशेजारच्या चहावाल्याचा. तो बिचारा रडत सांगत होता, दादा कुत्र्याला शिकवता शिकवता पडला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. अंगावर साधा ओरखडा नव्हता. पण लिफ्टमधल्या तिघा शेजाऱ्यांनी ऐकलं ते फक्त माझं वाक्य. मी स्मशानातून घरी येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरत होती, ट्रेनरला कुत्र्याने फाडलं. खाली जोडलेले हात, एकाखाली एक. संतापून मी लांबलचक खुलासा लिहिला आणि टाकला तो पाण्याच्या टँकरच्या ग्रुपवर.

दादा माझा मावसभाऊ. लग्न केलं नाही, काशीमीऱ्याला एका खोलीत राहायचा आणि राखणीची कुत्री तयार करायचा. लोकांना वाटायचं, हा कुत्र्यांना चिडवून चावायला शिकवतो. मलाही तेच वाटायचं. एकदा बघायला गेलो तर हा साठीला टेकलेला माणूस हातात गोणपाटाची जाड बाही चढवून एका अल्सेशियनसमोर घाबरून मागे सरकत होता. कुत्रं भुंकलं की दचकायचा. त्याने बाही धरली की ओरडायचा, लटपटायचा, जमिनीवर पडायचा आणि पडल्या पडल्या हात अलगद बाहीतून सोडवून घ्यायचा. कुत्रं ती बाही तोंडात धरून मैदानभर मिरवायचं. मग दादा उठून धूळ झटकत म्हणायचा, "शाब्बास रे वाघा!" मी हसलो. तर म्हणाला, "पम्या, घाबरलेलं कुत्रं कुणालाही चावतं. आपण जिंकू शकतो हे ज्याला कळलं ते उगाच चावत नाही. पण त्यासाठी समोरच्याला नीट हरायला लागतं... तुला तर कॅरममध्येसुद्धा हरता येत नाही." खरं आहे. मी सोंगट्या उधळतो.

तो अल्सेशियन म्हणजे शेरा. काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनवाल्या शेठचा. तिथे त्याला 'गरम' करायचं म्हणून साखळीला बांधून काठीने ढोसायचे. झालं उलटंच. काठी दिसली की शेरा जागच्या जागी मुतायचा. शेठने वैतागून तो दादाकडे आणून टाकला. दादाने सुरुवातीला तर त्याच्या डोळ्यांतसुद्धा बघितलं नाही. आधी दोरीला बांधलेलं फडकं, मग गोणपाटाचा तुकडा, मग बाही. आणि रोज एक नवी हार. त्याच दिवसांत दादाच्या छातीत दुखत होतं. विचारलं की म्हणायचा, "ॲसिडिटी रे." या एका शब्दासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. कुत्र्याची शेपूट किती खाली गेली यावरून त्याच्या मनातलं ओळखणारा माणूस, त्याला स्वतःची छाती कळू नये?

त्या सकाळी शेराने बाही ओढली, दादा पडला. शेरा मैदानाला फेरी मारून आला आणि समोर उभा राहिला. शाब्बास आलंच नाही... चहावाला सांगतो, शेराने बाही हळूच खाली टाकली आणि तो मागे मागे सरकत गेला.

तेव्हापासून तो आमच्याकडे, पलंगाखाली. बाही दाखवली की भिंतीकडे तोंड. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ दारात उभा. ग्रुपवरची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "सुना आदमी मार दिया? अब बना काम का!" चक्क खूश होता. माझं डोकं फिरलं. ओरडून सांगावंसं वाटलं, तुमच्या काठ्यांनी मोडलेलं जनावर माझ्या भावाने जीव जाईपर्यंत हरून उभं केलं होतं! पण तेवढं बोललो असतो तर शेरा पुन्हा साखळीला. मी म्हणालो, "नहीं शेठ, हार्ट अटॅक था. कुत्ता अभी भी डरपोक है. दादा से कुछ हुआ नहीं." शेठने आत येऊन पलंगापाशी वाकून हातातली छत्री फरशीवर आपटली. पलंगाखालून ओघळ आला. "छी! रख लो तुम ही. तुम्हारा भाई भी फेल." मी हात जोडून म्हणालो, "हां जी, फेल." उभ्या आयुष्यात इतका नीट मी कधी हरलो नव्हतो, आणि इतका जळलोही नव्हतो.

शेठ लिफ्टमध्ये शिरल्यावर त्या रागातच मी दादाची बाही हातात चढवली आणि पलंगासमोर दादासारखा मागे मागे सरकू लागलो. पोट सांभाळत लटपटण्याचा अभिनय करायचा होता. तो करावा लागलाच नाही. माझ्या बायकोने, मंगलने नुकतीच फरशी पुसली होती. मी धाडकन आडवा. थोडा वेळ हललोच नाही, हलताच येईना. मग कानाशी ओलं नाक आलं. कंबर धरून, कण्हत मी उठलो, हात बाहीतून सोडवला आणि कसंबसं म्हणालो, "शाब्बास रे वाघा." शेरा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने बाहीचं टोक दातांत धरलं आणि ती ओढत पलंगाखाली नेली. अजून तिथेच आहे, झाडताना आम्ही ती हलवत नाही.

मंगल फडकं हातात घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "पडलात अगदीच भिकार. पण उठलात ना... तेवढंच बघायचं होतं त्याला."