मागच्या चाकाला तेल

माझी तीनचाकी हाताने चालायची. छातीसमोर एक मूठ, ती उजव्या हाताने गोल फिरवायची. तिच्या लांब साखळीने मागचं डावं चाक फिरायचं. पाय पोलिओने लहानपणीच नेले होते, त्यामुळे असोद्याच्या आमच्या ओसरीत मी दिवसभर त्या गाडीतच बसलेली असे.

मूठ पुढे फिरवली की गाडी पुढे, थांबवली तरी चाक आपलं फिरत राही, साध्या सायकलीसारखं. पण कुणी गाडी मागे ओढली की मूठही उलटी गरगर फिरायची. आणि ती दोन्ही हातांनी रोखून धरली तर गाडी जागची हलायची नाही. सायकलवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. मला मात्र त्या मुठीचा केवढा आधार होता म्हणून सांगू. मी नाही म्हटलं की नाही, एवढं एकच ठिकाण माझ्या आयुष्यात होतं.

धाकट्या बहिणीला बघायला बोदवडची मंडळी आली तेव्हा ते कळलं. सकाळपासून माय माझ्याभोवती घुटमळत होती. शेवटी वडील, आमचे नानाच, म्हणाले, "अर्धा घंटा मांगे बस ना व बाई, कपाशीच्या खोलीत." ओसरीतून मागच्या खळ्यात बैलजोडी जाईल एवढी वाट होती, खोली त्या खळ्यात. मी विचारलं, का? नाना उठून गाडीमागे आले. का ते मलाही ठाऊक होतंच. थोरली अशी, तर हे रक्तातच असेल, असं लोक मनात धरतात. डॉक्टरने कितीदा सांगितलं तरी धरतात.

मी हलले नाही. नानांनी मागून गाडी ओढली, मी मूठ धरून बसले. वडील मागे ओढताहेत आणि मुलगी दात आवळून पुढे बघतेय, असा आमचा तमाशा चालला असताना बोदवडची माणसं दारात उभी. पोहे झाले, प्रश्न झाले. जाताना त्यांच्यातली एक बाई माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "जन्मापासूनचं का?" पुन्हा त्यांचा निरोप आलाच नाही.

धाकटी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी माझी वेणी घालायला बसली आणि घालता घालता रडली. माझं चुकलं असं वाटत नव्हतं, आणि तिच्या रडण्याला कारण मीच होते. दोन्ही खरं होतं.

त्यानंतर वर्षभराने माझा दात पडला. मी जळगावला टायपिंगच्या क्लासला जायचे. रस्ता पाच-सहा किलोमीटरचा, ऊन असो वा काही असो, जायचे. लोकांचा मात्र एक आजार आहे, चाकावर बसलेलं माणूस दिसलं की त्यांना दया येते आणि दया आली की हात लावावासा वाटतो. क्लासच्या पायरीजवळ एका भल्या माणसाने मला न विचारता गाडी मागे खेचली, मूठ उलटी फिरली आणि थेट जबड्यावर बसली. तो बिचारा माझ्याहून जास्त घाबरला. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

नाना मला जळगावातल्या एका सायकल मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्री धुळ्याकडचा, पन्नाशीचा, बोलणं सगळं अहिराणीत. मी त्याला म्हटलं, मला असं चाक करून द्या की गाडी मागे गेली तरी मूठ जागेवर राहील. त्याने डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी धुळ्याहून, आपल्या वडिलांच्या भंगारातून, चाकाच्या मधोमध बसणारा एक जुना विलायती हब आणला. उलटं पायडल मारलं की ब्रेक लागायचा अशा सायकलीचा. त्यातले ब्रेकचे तुकडे त्याने काढून टाकले, छर्रे नवे भरले, आणि तो हब माझ्या डाव्या चाकात बसवून पुन्हा आरे ओवले. आता मूठ जराशी उलटी फिरवून सोडली की आतली पकड सुटायची आणि चाक मागे जायला मोकळं व्हायचं.

"ताई, आते चाक मांगे जाई, पन मूठ हालाव नही," तो म्हणाला. मी लगेच विचारलं, आणि मला थांबवायचं असेल तर? त्याने गाडी मागे ओढत मला मूठ पुढे फिरवायला लावली. अर्धा फेरा रिकामा गेला, मग आत खट्ट झालं आणि मागे जाणारी गाडी जागीच थांबली. आत एक बारीक स्प्रिंग होती, ती घासून धरते म्हणून ही पकड बसते, असं त्याने हब उघडून दाखवलं. "तेल दोनच थेंब. जास्त टाकं ते बठ्ठं घसरी." म्हणजे जास्त तेल झालं की पकड बसणारच नाही, सगळं घसरेल. नाना शेजारीच उभे होते. त्यांनी वाकून ती स्प्रिंग बोटाने चाचपून पाहिली होती, हे मला पक्कं आठवतं.

त्या चाकाची निगा मीच ठेवायचे. महिन्यातून एकदा नाना चाक काढून मांडीवर द्यायचे, मी हब उघडून रॉकेलने धुवायचे, फडक्याने कोरडा करायचे आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. एकदा मी ग्रीस भरून पाहिलं, तर थंडीत मूठ नुसती हवेत फिरत राहिली आणि मी पुलाच्या चढावरून उलटी मागे चालले. तेव्हापासून तेलाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे.

मग धाकटीला धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, धाकटीने त्याला आधी कुणाच्या तरी लग्नात पाहिला होता आणि तिला तो आवडला होता. हे तिने फक्त मला सांगितलं. पुढे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. मी रात्रभर ठरवत होते की आपणच खोलीत जावं. सकाळी उठले तर मन फिरलेलं. आपल्या घरात आपण का लपायचं?

त्या सकाळी मी आंघोळीला गेले असताना नाना गाडीपाशी काहीतरी करत होते. विचारलं तर म्हणाले, चाक कुरकुरत होतं. माझं चाक कधीच कुरकुरत नसे. मी दुर्लक्ष केलं.

पाहुणे कोपऱ्यावर आल्याचं कळलं. नाना मागे आले आणि गाडी मागच्या दोन चाकांवर कलवून ओढू लागले. ब्रेक होता तो पुढच्या चाकाला, आणि ते चाक अधांतरी, त्याचा काय उपयोग. मी मूठ पुढे फिरवली. अर्धा फेरा, एक फेरा, दोन. आत काहीच लागेना. मी वेड्यासारखी मूठ फिरवत होते आणि गाडी लोण्यातून जावी तशी मागे चालली होती, ओसरी, वाट, खळं. ओरडले असते तर पाहुण्यांनी ऐकलं असतं. ओरडले नाही. नानांनी मला कपाशीत नेऊन ठेवलं आणि दार लोटून घेतलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

तासभर मी तिथे होते. डाव्या चाकातून तेल ठिबकून खालच्या कपाशीवर पिवळा डाग पसरत होता, तो बघत बसले. बाहेर बशा वाजत होत्या, कुणीतरी हसलं, मग साखर वाटल्याचा गलका झाला. धाकटीचं जमलं होतं. मला आनंद झाला आणि त्या आनंदाची इतकी चीड आली की मी स्वतःच्याच हाताला चावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी न सांगता चाक काढलं. ओसरीत माझ्यासमोर बसून हब उघडला, रॉकेलने तीनदा धुतला, स्प्रिंग धोतराच्या सोग्याने पुसली. बाटली हातात घेऊन दोन थेंब मोजून सोडले. मी सगळं पाहत होते. चाक बसवून झाल्यावर ते मागे गेले, गाडी धरली आणि मागे ओढायला लागले.

"फिरव," म्हणाले.

मी मूठ फिरवली. अर्ध्या फेऱ्यात खट्ट झालं. त्यांनी जोर लावून पुन्हा ओढलं, गाडी हलली नाही.

"पकडते का आता?" त्यांनी मागूनच विचारलं.

"पकडते," मी म्हटलं.