लालासाहेबांची शंका

लालासाहेब जाधव सतरा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये होते. टेलिफोन एक्स्चेंजवर बसून लायनी जोडून द्यायच्या, हे त्यांचं काम. पेन्शनीत आल्यावर उंब्रजला, आपल्या गावी, त्यांनी दोन वर्षं ऊस केला; पण भावांशी जमेना. मग कराडला कॉम्प्युटरचा कोर्स करून ते चाळिशीत आमच्या सांगलीच्या ऑफिसात, विश्रामबागेत, मशीनरूम सांभाळायला आले. मी तिथं प्रोग्रॅमची चाचणी करायचे. वय पंचवीस, आणि डिग्रीचा ताठा भरपूर.

१९९९च्या जूनमध्ये एका शिक्षणसंस्थेची प्रवेशयादी आमच्या सर्व्हरवरून इंटरनेटवर लागणार होती. सर्व्हर एका वेळी शंभर जोडण्या धरू शकत होता. मी चार मशीनवरून चाचणीचा प्रोग्रॅम चालवला. तो जोडणी करायचा, यादीचं पान घ्यायचा आणि लगेच जोडणी तोडायचा. तासाभरात हजारो पानं गेली, एकही अडलं नाही.

लालासाहेब मागं उभे राहून बघत होते.

"ताई, एक इचारू का? तुमचा प्रोग्रॅम पान मिळालं की लाईन सोडतोय. खरी मानसं सोडत्यात का?"

"नाही. पुढचं पान लवकर मिळावं म्हणून ब्राउझर जोडणी धरून ठेवतो."

"किती येळ?"

"सर्व्हरवर पाच मिनिटं ठरवलीत."

"मग शंभर मानसं आत आली, की पुढच्याला पाच मिनिटं लाईनच न्हाई. एक्स्चेंजवर आमी हे लय भोगलंय. बोलणं संपतंय, पर रिसीव्हर कोन ठेवत न्हाई."

"काका, हा टेलिफोन नाही," मी म्हणाले.

ते "बरं" म्हणून आत गेले. मी रिपोर्टवर सही केली.

यादी अकराला लागली. सव्वाअकरापासून फोन सुरू झाले. साताऱ्याहून, शिराळ्याहून, सगळ्यांचं एकच म्हणणं, पान उघडत नाही. मी मशीन पाहिलं तर त्याच्यावर काही ताणच नव्हता. ते नुसतं बसून होतं. लालासाहेबांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. अडकलेल्या जोडण्या सुटल्या, नवी शंभर माणसं आत आली, आणि पुन्हा सगळं थांबलं. त्यांनी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या वेळी आमचे मालक देशिंगकर सर दारात येऊन उभे राहिले.

"सर्व्हर तुम्ही बंद करताय?"

"व्हय सर. लायनी अडकल्यात, म्हणून…"

"कुणाला विचारून?" सर माझ्याकडं वळले. "अक्षता, चाचणीत काही सापडलं होतं?"

"नाही सर."

शब्दशः पाहिलं तर ते खोटं नव्हतं. सरांनी सगळा दोष लालासाहेबांवर ठेवला. लालासाहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. संध्याकाळी ते मशीनरूमची किल्ली टेबलावर ठेवून गेले, ते परत आले नाहीत.

आठवड्यानं मी चाचणी बदलली. पान घेतल्यावर जोडणी तशीच धरून ठेवायला प्रोग्रॅमला सांगितलं. शंभर जोडण्या भरल्या आणि सर्व्हर मुका झाला. पाच मिनिटांची पाच सेकंदं केल्यावर तो सुरळीत चालला. दुसरी यादी काही न अडता लागली, आणि सरांनी चारचौघांत माझं कौतुक केलं. मी नुसती हसले.

दिवाळीत मी उंब्रजला गेले. लालासाहेब घरीच होते. त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी, चहा केला. मी सगळं सांगितलं.

"ते मला म्हाईत हाय, ताई," ते म्हणाले. "सरांस्नी सांगितलंसा?"

"नाही."

"मग मला सांगून काय हुणार?"

राहीबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कराडच्या बँकेत काम्पुटरची जागा निघाली हुती. मागच्या हापिसाचा दाखला मागितला त्यांनी. तुमच्या सरांनी दिला न्हाई. आता हे त्याच बँकेच्या दारावर बंदूक घिऊन हुबं असत्यात."

"आगं, ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाले.

दिवाळीनंतर ऑफिस उघडलं त्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाच बोलायचं होतंस." त्यांनी चांगला दाखला टाईप करून घेतला आणि सही केली.

तो घेऊन मी पुन्हा उंब्रज गाठलं. बँकेतली जागा ऑगस्टमध्येच भरली होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं. लालासाहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि फौजेच्या कागदांबरोबर ठेवायला राहीबाईंकडं दिला. त्यांची दुपारची ड्यूटी होती. स्टँडपर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. सर्व्हर आता तासाभरात किती जणांना पान देतो, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. मग कराडची एसटी आली.