लोणावळ्यातलं तूपबंदीचं साल

लोणी कढायला लागलं की त्या खमंग वासासरशी मला लोणावळ्यातला तो हिवाळा आठवतो आणि डोकं तापतं. रेल्वेत कारकून असलेले आमचे हे कुणाचंसं निसर्गोपचारावरचं व्याख्यान ऐकून आले आणि यांनी घरातलं तूप, लोणी, तेल सगळं बंद केलं. कोरडी भाकरी, उकडलेली भाजी आणि साय काढलेलं दूध. मी रोज विनवायची, "अहो, आपलं सोडा, पण पोरीला तरी भातावर तूप घालू द्या." यांचं उत्तर ठरलेलं, "तुला शास्त्रातलं काय कळतं?" माघातल्या बोचऱ्या थंडीत त्या चार वर्षांच्या पोरीची कातडी खरखरीत झाली, दिवेलागणीला ती भिंती चाचपडत चालू लागली आणि एका संध्याकाळी पेटत्या बंबावर जाऊन आदळली. तिचा हात भाजलेला पाहून मी म्हटलं, "उद्या तळेगावला डॉक्टरकडे चला, नाहीतर मी एकटी जाते." डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले आणि यांच्यावरच कडाडले, "हिच्या पोटात स्निग्ध काही जातच नाही! दूध, लोणी, तूप द्या, नाहीतर दृष्टी जाईल." परतताना गाडीत हे मलाच समजावू लागले, "वाढत्या मुलांना तूप लागतंच. तुम्हा बायकांना एवढं कळायला हवं." घरी पोचल्या पोचल्या मी लोणी आणून कढायला ठेवलं. पोरीची नजर हळूहळू सुधारली, आज ती स्वतः आजी आहे. पण 'तू सांगत होतीस' एवढं काही हे उभ्या जन्मात म्हणाले नाहीत.