किल्ला दिसतो तिथवर

कोल्हापुरात समुद्र नाही. हे मला आजवर इतक्या लोकांनी समजावून सांगितलंय, की जणू मीच तो कुठंतरी ठेवून विसरले होते. मंगळवार पेठेत राहणाऱ्या बाईनं शिडाची बोट घेतली, तर त्याचा लोकांना राग का यावा, ते मला अजून कळलेलं नाही. पण यायचा. मला त्यांच्या रागाचा राग यायचा, आणि माझा राग जास्त टिकाऊ होता.

माझं माहेर विजयदुर्गाजवळ, खाडीकाठी. मला भाऊ नव्हता, म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, मलाच मासेमारीच्या होडीवर न्यायचे. शीड चढवणं, उतरवणं, वाऱ्यात सुकाणू धरणं हे सगळं मी सातवीत जायच्या आधी शिकले. नियम एकच होता. किल्ला दिसतो तिथवर जायचं. तो दिसेनासा व्हायच्या आत होडी वळवायची. "फुडे बायलमाणसाचा काम नाय," दादा म्हणायचे. त्यापुढं काय आहे तेच तर मला बघायचं होतं. लग्न होऊन घाटावर आले, वीस वर्षं भाकऱ्या थापल्या, शाळेत पोरांना गणित शिकवलं, पण ते बघायचं राहिलं ते राहिलंच.

अठ्ठ्याण्णव साली माहेरी गेले, तेव्हा खाडीच्या चिखलात एक तीस फुटी फायबरची बोट कलंडलेली दिसली. मुंबईच्या कुणाची तरी होती. वादळात तिची डोलकाठी मोडली, तारा गंजून तुटल्या, आणि मालकानं तिचा नाद सोडला. मी सोडला नाही. महिन्याभरात ती माझ्या नावावर झाली.

नवऱ्याचा लेथचा कारखाना. समुद्राशी त्यांचं नातं एवढंच, की रंकाळ्यात पायडलच्या बोटीत बसलं तरी त्यांना मळमळायचं. मी काठीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "चाळीस फुटी काठी न्हवं? करूया की!" एवढंच म्हणाले. या एका वाक्यासाठी मी त्यांचे पुढचे-मागचे बरेच गुन्हे माफ केले आहेत.

ॲल्युमिनियमच्या दोन वीस फुटी नळ्या आणल्या. मधल्या सांध्यासाठी आत बसणारी तिसरी नळी घासून घासून घट्ट बसवली. जोड जमतोय का हे बघायला काठी पहिल्यांदा अख्खी जोडली, तेव्हा ती कारखान्यातून निघून गल्लीत शेजाऱ्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेली. दोन दिवसांत तिच्यावर कुणीतरी धुणं वाळत घातलं. "वैनी, जोतिबाची सासनकाठी कवा नाचवायची?" गल्ली विचारायची. "विजयदुर्गात. गुलाल घेऊन या," मी म्हणायची.

खरा प्रश्न तारांचा होता. काठी आपल्या बळावर उभी राहत नाही. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी तारा तिला धरून ठेवतात, आणि त्या किती ताणायच्या यात सगळी अक्कल असते. आमच्या ओळखीत ती अक्कल एकाच माणसाकडं होती. हातकणंगल्याकडचे एक मामा गुऱ्हाळांची पत्र्याची धुराडी उभी करायचे. तीस-तीस फुटांचं धुराडं तारांच्या चार ताणांवर वर्षानुवर्षं उभं राहायचं. मामांनी समुद्र पाहिला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, "वारं तितलं काय येगळं असतंय व्हय?"

ही बातमी मी एसटीडी बूथवरून दादांना दिली. मग दादा म्हणाले, "गुळवाले आता माका होडी शिकवतले?" मी म्हटलं, "घोडामैदान जवळच आहे," आणि फोन ठेवून दिला.

गुळाच्या ट्रकमधून दोन तुकडे गगनबावड्याचा घाट उतरले. भरतीत सरळ करून काठाशी बांधलेल्या बोटीजवळ ते जोडले, तीन वाशांची तिकाटी रोवली आणि चेनपुलीनं काठी उचलून केबिनच्या छपरावर उभी केली. मग मामा टोकाचे स्क्रू पिळून तारा आवळायला बसले. त्यांनी आवळल्या त्या कोल्हापुरी पद्धतीनं, म्हणजे अजून एक आटा जातोय तर द्यायचाच. बोटानं टिचकी मारली की तार वाजायची. मामांनी काठीला खांदा लावून धक्का दिला. ती तसूभरही हलली नाही. आम्ही तिघं अगदी फुगून गेलो होतो.

तेवढ्यात मी पाणी आणायला केबिनकडं गेले, तर दार उघडेना.

नवऱ्यानं ओढलं, मामांनी लाथ घातली, तरी दार ढिम्म. दादा काठावर उकिडवे बसून सगळं बघत होते. ते शांतपणे चालत आले आणि छपरावर हात ठेवून म्हणाले, "काठी होडयेच्या टाळक्यार बसली हा."

खरंच बसली होती. तारांनी काठीला इतकं खाली खेचलं होतं, की छप्पर दबून दाराची चौकट आवळली गेली होती. धुराडं जमिनीवर उभं असतं. जमीन दबत नाही, त्यामुळं मामांना असा प्रश्न आयुष्यात कधी पडला नव्हता. मला पडायला हवा होता. गणिताची बाई मी, आणि शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होते. लाज वाटली, आणि दादांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून संतापही आला.

"सैल कर," दादा म्हणाले.

"पावणं, ढिल्ला ताण म्हंजे पडल्यालं धुराडं," मामा म्हणाले.

दोन म्हाताऱ्यांचं दिवसभर वाजलं. शेवटी ठरलं ते असं. काठीच्या बरोबर खाली, केबिनच्या आत, सागवानी टेकू द्यायचा. मग तारा पाव-पाव आट्यानं आवळत जायच्या आणि प्रत्येक वेळी मी दार उघडून लावून बघायचं. दार अडलं, की पाव आटा परत सोडायचा. माझ्या हाताला फोड आले, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काठीही हलत नव्हती आणि दारही अडत नव्हतं.

"आता उद्या बाहेर काढूया," मी म्हणाले.

"मी येतंय," दादा म्हणाले. "किल्लो दिसता थयसर."

मी फोडांना तेल लावायला घेतलं. मामा काठावरच थांबणार होते. धुराडं उभं करून आपण त्यात शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सकाळी मोठं शीड चढवलं आणि आम्ही तिघं निघालो. खाडीच्या तोंडाबाहेर वारा मिळाला, बोट एका अंगावर कलली. वाऱ्याकडच्या तारा कडक झाल्या, पलीकडच्या जराशा सैलावल्या. काठी सरळ होती. नवरा केबिनच्या पायरीवर बसून बादलीत ओकत होता.

दुपारपर्यंत किल्ल्याचे बुरूज एकमेकांत मिसळले. मग नुसती एक करडी रेघ उरली. दादा उठले आणि त्यांनी सुकाणूला हात घातला. "वळव."

मी सुकाणू सोडलं नाही. केबिनकडं तोंड करून ओरडले, "अहो, दार बघा!"

नवऱ्यानं बादली बाजूला ठेवून दार उघडलं, लावलं. "लागतंय की!"

"काठी उभी आहे. दार लागतंय," मी दादांना म्हणाले. "आता वळायचं कारण सांगा. बायलमाणूस सोडून दुसरं."

दादांचा हात सुकाणूवर तसाच होता. ते किल्ल्याकडं बघत राहिले, आणि मग मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "माका म्हायत नाय फुडे काय ता. मी तरी खय गेलंय कधी?"

मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं. स्वतःची भीती या माणसानं माझ्या बाईपणाच्या नावावर खपवली होती, आणि मी ती वीस वर्षं घाटावर सांभाळत बसले होते. त्यांचा हात माझ्या हातांनी सुकाणूवरून काढला आणि माझ्या शेजारी फळीवर ठेवला.

मागं वळून पाहिलं, तेव्हा किल्ला नव्हता.

दादांनी मान वर करून काठी शेंड्यापर्यंत न्याहाळली.

"जावयबापू," ते म्हणाले, "दार बघा मा जरा."